शुक्राखालचा दुसरा दिवा

यात मीठमसाला लावलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलं आहे. मामा, मामी आणि त्यांची मुलगी, तिघंही आज हयात आहेत. मामी अजूनही हा विषय काढू देत नाही. कुणी काढलाच तर सरळ उठून आत निघून जाते.

मी लिहितोय ते मामाच्या तोंडून, तुकड्यातुकड्यांनी, कितीतरी वर्षं ऐकलेलं. शेवटचा भाग मात्र माझ्या डोळ्यांदेखतचा आहे. तुम्हाला पटो न पटो, माझं काही म्हणणं नाही.

थंडीचे दिवस होते. नुकतीच दिवेलागण झाली होती. आकाश स्वच्छ, आणि पश्चिमेला शुक्र असा काही पेटला होता की नवख्या माणसाने दचकावं.

मामा तेव्हा शहराच्या आपत्कालीन कंट्रोल रूममध्ये शिफ्टप्रमुख होता. आग, अपघात, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, सगळे फोन तिथे यायचे. तळघरातली लांबट खोली, कानाला हेडफोन लावून बसलेली माणसं, भिंतीवर शहराचा मोठा नकाशा. त्या खोलीला एकही खिडकी नव्हती.

मामाला आकाशाचं भारी वेड. घरी एक छोटी दुर्बीण होती, तिला तो मामीपेक्षा जास्त जपायचा असं मामीच म्हणायची. ऑफिसात त्याचं नाव पडलं होतं ग्रहमास्तर.

शुक्र संध्याकाळी दिसायला लागला की कंट्रोल रूमला ऊत यायचा. उडती तबकडी आली. आमच्या गच्चीवर थांबली आहे. रंग बदलतेय. आमच्याकडेच बघतेय. असले फोन आले की पोरं हसत हसत मामाकडे जोडून द्यायची.

"मास्तर, तुमचं गिऱ्हाईक."

मामाचं उत्तर ठरलेलं असायचं. घाबरू नका. हात लांब करा, अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा. दिवा कुठल्या भिंतीच्या, कुठल्या तारेच्या कडेला आहे ते बघून ठेवा. आता आत जा, चहा करून प्या, आणि परत येऊन बघा. दिवा जवळपास तिथेच असेल तर तो शुक्र. तबकडी असती तर एव्हाना निघून गेली असती, तिला काय तुमच्याकडे मुक्काम करायचाय.

समोरचा माणूस ओशाळून हसायचा. फोन बंद. पोरं टाळ्या द्यायची.

आणि मामाचं दर वेळी खरं निघायचं. हेच वाईट झालं.

त्या संध्याकाळी असे बरेच फोन आले. सगळे एकाच भागातून. शहराच्या टोकाला एक टेकडी आहे, तिच्या पायथ्याच्या वस्तीतून. मामाची शिफ्ट संपत आली होती. बदलीचा माणूस येऊन हात धुत होता. मामाला घरी जायची घाई होती, कारण त्याने मुलीला त्या दिवशी दुर्बिणीतून गुरू दाखवायचं कबूल केलं होतं.

शेवटचा फोन एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा होता.

"साहेब, टेकडीवर आकाशात दिवा आहे. हलतोय."

"एकटक बघितलं की हलल्यासारखा वाटतो, बाई. डोळ्याचा खेळ असतो तो."

"तसा नाही हो. कुणी हात करावा तसा हलतोय. मध्येच थांबतो... परत हलतो."

मामाने अंगठ्याचं सांगितलं. बाई फोन चालूच बाजूला ठेवून गेल्या, थोड्या वेळाने परत आल्या.

"आहे तिथेच आहे साहेब. जागा सोडत नाही."

"मग झालं तर. शुक्र आहे."

"शुक्र मला माहीत आहे. तो वर आहे. हा त्याच्या खाली आहे. दोन आहेत, साहेब."

मामाने घड्याळाकडे पाहिलं.

खरं तर इथे त्याने उठायला हवं होतं. नकाशा बघायला हवा होता. पण समोर बदलीचा माणूस खुर्चीसाठी ताटकळत होता. घरी पोरगी वाट बघत होती.

"दुसरा गुरू आहे," मामा म्हणाला. "सध्या दोघं जवळजवळ आहेत. मजेत बघा, असा योग नेहमी येत नाही."

बाईंना तो गुरू कुठला आणि काय, काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फोन ठेवला.

पण मामाला ठाऊक होतं. गुरू त्या दिवसांत पूर्वेला होता. पार उलट्या दिशेला. मुलीला दाखवण्यासाठी त्याने सकाळीच दुर्बीण पूर्वेच्या खिडकीत लावून ठेवली होती.

वेळ मारून नेली त्याने. बस, एवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

टेकडीवर मोबाईलचा उंच टॉवर होता. विमानांना इशारा म्हणून त्याच्या टोकावर लाल दिवा असतो, तो गेला होता. दुरुस्तीला एक कामगार एकटाच वर चढला होता, कारण त्याचा जोडीदार आजारी होता. अंधार पडता पडता त्याचा पाय सटकला. कमरेच्या पट्ट्याने त्याला धरलं, पण खांदा निखळला, फोन खाली पडला, आणि तो तसाच दोरीला लटकून राहिला. लाल दिवा नसल्यामुळे अंधारात टॉवर कुणाला दिसतच नव्हता.

त्याच्या डोक्यावर कामाचा दिवा होता. तो त्याने एका हाताने काढला आणि हलवत राहिला.

पट्ट्यात असं लटकून राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि माणूस हळूहळू जातो. हा मात्र बराच वेळ जिवंत होता. वस्तीतले लोक सांगत होते, जेवणं उरकेपर्यंत दिवा हलत होता.

त्याच्या घरी म्हातारी आई तेवढी होती, असं मामाने नंतर ऐकलं.

चौकशी झाली. फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं गेलं. साहेबांनी मान डोलावली. माहिती देणाऱ्याशी सौजन्याने बोलणं झालेलं आहे, कामात कसूर दिसत नाही. ऑफिसातली पोरं मामाच्या पाठीवर हात ठेवून गेली. मास्तर, कुणालाही शुक्रच वाटला असता.

गुरू कुठे होता, हे त्या चौकशीत कुणी विचारलंच नाही. विचारणार कोण? तेवढं आकाश त्या खोलीत एकट्या मामालाच कळत होतं.

मामाही काही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात, अगदी त्याच वेळेला, फोन परत मामाकडे जोडला गेला. पडद्यावर तोच नंबर. शिवणवाल्या बाई.

"साहेब," आवाज हळू होता, "आजही दोन आहेत."

मामाने हेडफोन कानाशी घट्ट दाबला.

"बाई, त्या माणसाला तर खाली..."

"हो. नेला त्याला. पण दिवा आहे."

मग काही वेळ काहीच नाही. फक्त वाऱ्याचा आवाज. आणि त्या वाऱ्यात, लांबून... लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज.

खण्ण.

...खण्ण.

"साहेब, तो विचारतोय..."

"कोण?"

"तो विचारतोय, त्या दिवशी फोन कुणी घेतला होता?"

मामाने फोन बंद केला. हेडफोन काढून टेबलावर ठेवला. शेजारच्या पोराने विचारलं, काय मास्तर, तबकडी उतरली का? मामा हसला.

रविवारी मामा त्या वस्तीत गेला. बाईंचं दुकान शोधून काढलं. कुलूप. शेजारच्या न्हाव्याने सांगितलं, त्या तर टॉवरवरचं प्रेत उतरवलं त्याच दिवशी बहिणीकडे गावी निघून गेल्या. फारच मनाला लावून घेतलं त्यांनी. गडबडीत फोनसुद्धा दुकानातच विसरल्या, गावाहून त्यांच्या बहिणीचा दोनदा निरोप आला.

मामाने दुकानाच्या काचेतून आत पाहिलं. शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेला झगा. त्याच्या शेजारी फोन पडलेला. बंद. काळा.

ऑफिसात जाऊन त्याने बाईंच्या त्या दुसऱ्या कॉलचं रेकॉर्डिंग मागवलं. त्यात मामाचा आवाज होता. मामाचे प्रश्न होते. उत्तरांच्या जागी नुसता वारा होता.

आता मामाच्या मुलीबद्दल सांगायला हवं. कारण मामाचा जीव तिच्यात होता आणि हे त्या दुसऱ्या दिव्यालाही कळलं.

ती तेव्हा सातवीत होती. उंचीला इतकी घाबरायची की स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढ म्हटलं तर रडकुंडीला यायची. जिन्यातून उतरताना भिंतीला चिकटून उतरायची. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, पण ही कधी बाल्कनीच्या कठड्यापाशी गेली नाही. मामा तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवायचा आणि मग सगळ्यांसाठी तिचं नाव भागूच पडलं.

त्या रविवारी मामा घरी आला, बाल्कनीत उभा राहिला. पश्चिमेला शुक्र होता.

त्याच्या खाली... अजून एक.

लहान. पांढरा. हळूहळू हलणारा.

मामी कपडे काढायला आली. मामाने काही न बोलता बोट दाखवलं.

"शुक्र असेल," मामी म्हणाली. "साऱ्या जगाला सांगता, आणि स्वतःच बघत बसता."

"आणि खालचा?"

"मला तर एकच दिसतोय. डोळे तपासून घ्या अहो, वय झालं आता."

त्या रात्रीपासून आवाज सुरू झाला. जेवायला बसलं की बाल्कनीतून... खण्ण. मामी म्हणाली, दोरीवरचे हँगर वाऱ्याने आपटतात. मामाने सगळे हँगर काढून कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी वारा अजिबात नव्हता. पान हलत नव्हतं.

खण्ण.

मामाच्या मनात एक हिशोब होता. शुक्र काही कायम संध्याकाळी राहत नाही. रोज थोडा थोडा खाली येतो, सूर्याच्या उजेडात बुडतो, आणि मग काही दिवसांनी पहाटे पूर्वेला उगवतो. शुक्र गेला की हा भासही जाईल, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. रोज संध्याकाळी तो शुक्राला खाली येताना बघत होता. आयुष्यभर ज्याच्यावर माया केली तो ग्रह कधी एकदाचा बुडतो असं त्याला झालं होतं.

शेवटी शुक्र दिसेनासा झाला.

दुसरा दिवा तिथेच राहिला.

रिकाम्या आकाशात एकटा. आता त्याला शुक्र म्हणायचीही सोय उरली नव्हती.

मामाने न राहवून कंट्रोल रूमला फोन लावला. म्हणाला, टेकडीवर कुणीतरी आहे, गाडी पाठवा. पलीकडे त्याच्याच हाताखालचा पोरगा होता.

"मास्तर, आमची परीक्षा घेताय होय?" तो हसायला लागला. "हात लांब करा. अंगठा उभा धरा..."

मामा म्हणायचा, तेवढं ऐकून मी फोन ठेवला. त्या बाईंना कसं वाटलं असेल ते कळलं, आणि त्याहून जास्त, दोरीला लटकलेल्या त्या माणसाला.

दिवा आता जवळ यायला लागला होता.

आधी टेकडी सोडली. मग काही दिवस तो गोदामांच्या वर दिसला. मग समोरच्या इमारतीच्या टाकीपाशी. चालत येतो तसा नाही. एका संध्याकाळी इथे, दुसऱ्या संध्याकाळी तिथे. आणि खाली-वर नाही, तर डावी-उजवीकडे, दोरीला टांगल्यासारखा हलायचा.

मामाने भागूला बाल्कनीत जायची बंदी केली. तिला काय, ती तशीही जात नव्हती.

मग एका संध्याकाळी मामा ऑफिसातून लवकर घरी आला. मामी बाजारात गेली होती. घरात दिवे नव्हते लावलेले. बाल्कनीचं दार सताड उघडं.

भागू बाल्कनीत होती.

स्टुलावर उभी. कठडा तिच्या गुडघ्यांच्याही खाली. कशालाही धरलेलं नाही. एक हात वर केलेला, आणि तो हात ती हळूहळू हलवत होती... डावीकडे... उजवीकडे...

मामाला ओरडवेना. ओरडलो तर दचकून पडेल असं वाटलं. पाय न वाजवता जाऊन त्याने तिला कमरेला धरलं, खाली ओढलं, छातीशी घट्ट धरलं.

ती शांत होती. घामाचा थेंब नाही.

"बाबा, असं काय करता? तो काका कधीचा हात करतोय. आपण नको का करायला?"

"कुठला काका?"

"तुम्ही केलाच नाहीत म्हणाला. कुणीच केला नाही."

मामाने त्याच रात्री बाल्कनीच्या दाराला कुलूप लावलं. मामीला सगळं सांगितलं, गुरूसकट. मामीने उठून कुलूप ओढून बघितलं. मग एवढंच म्हणाली, तुमच्या चुकीचं माझ्या पोरीला का?

याचं उत्तर ज्याच्याकडे होतं, तो समोरच्या टाकीपाशी लटकत होता.

मामाने दुसरं घर शोधायला सुरुवात केली. सामान बांधायला घेतलं. भागूला एकटं सोडायचं नाही असं दोघांनी ठरवलं. शाळेत मामी सोडायची, मामा आणायचा. तरीही जे व्हायचं ते झालंच.

घर सोडायच्या आदल्या संध्याकाळी खाली सामानाची गाडी आली. मामी ड्रायव्हरशी बोलायला खाली गेली. मामा आत खोके बांधत होता. बाहेरच्या खोलीत भागू चित्र काढत बसली होती, रंगीत खडूंचा आवाज येत होता.

मग तो आवाज थांबला.

मामा बाहेर आला. खडू होते. कागद होता. कागदावर काळा खांब, आणि खांबाला लटकलेला दिवा.

भागू नव्हती.

बाल्कनीला कुलूप तसंच होतं. बाहेरचं दार उघडं होतं. जिन्यात वरून आवाज आला.

खण्ण...

मामा गच्चीकडे धावला. गच्चीवर कुणीच नव्हतं. गच्चीवर पाण्याची उंच टाकी होती. तिला चिकटलेली लोखंडी शिडी, गंजलेली, एका बाजूने सुटलेली. वर बघितलं तर टाकीच्या अगदी कडेला, पाय बाहेर सोडून, भागू बसली होती.

आणि तिच्यासमोर, मोकळ्या हवेत... तो दिवा.

मामा शिडी चढला. वर पोहोचला तेव्हा दिवा हातभर अंतरावर होता. त्याच्या मागे काय आहे ते प्रकाशाने नीट दिसत नव्हतं. जे दिसलं ते मामाने मला फक्त एकदाच सांगितलं. मान एका बाजूला पडलेली होती. एक खांदा भलतीकडे गेलेला. आणि पाय... पाय सुजून काळे झालेले, जमिनीकडे लोंबत होते.

दोरी कशाला बांधलेली नव्हती. वर नुसतं आकाश होतं.

मामा टाकीवर गुडघ्यांवर बसला. हात जोडले.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मला माहीत होतं तो गुरू नव्हता. मी खोटं बोललो. हिचा काय दोष? मला ने. आत्ता ने. पण हिला सोड."

दिवा हलायचा थांबला.

मामा सांगतो, त्या थांबण्याची त्याला आजवरची सगळ्यात जास्त भीती वाटली. त्यात राग होता. इतका राग की थंडीत अंग भाजल्यासारखं झालं.

भागूने मान वळवली. कुणाचं तरी बोलणं ऐकावं तशी ती दिव्याकडे कान देऊन बसली. मग हळू आवाजात काहीतरी बोलली. मामाला शब्द कळले नाहीत. परत तिने ऐकलं. परत बोलली. बाजारात दोन माणसं घासाघीस करतात तसं ते चाललं होतं.

शेवटी तिने मान डोलावली.

आणि दिवा विझला.

एकदम. फुंकर मारल्यासारखा.

भागू उठली, मामाच्या आधी शिडीवर वळली आणि भराभरा खाली उतरली. भिंतीला चिकटली नाही. खाली बघायला घाबरली नाही.

"काय म्हणाला तो?" मामाने खाली येऊन विचारलं.

"काही नाही. जाऊ आपण."

त्यानंतर खरोखर सगळं थांबलं. नवीन घर तळमजल्यावर घेतलं. आवाज नाही. दिवा नाही. मामाने दुर्बीण एका शाळेला देऊन टाकली आणि कंट्रोल रूमची नोकरी सोडून एका गोदामात हिशोबाचं काम धरलं. त्या कामगाराच्या आईला भेटायला तो गेला होता, पण म्हातारी आधीच वारली होती.

वर्षं गेली. मामी परत हसायला लागली. भागू मोठी झाली, इलेक्ट्रिकलचं शिकली. मामाला वाटायला लागलं, माफ केलं त्याने. काही का असेना, त्या माणसाने माफ केलं.

मग एके दिवशी जेवताना भागू म्हणाली, मला नोकरी लागली.

मामी पेढा आणायला उठली तसा मामाने विचारलं, कुठे गं?

"टॉवरच्या देखभालीची. वरचे दिवे, तारा वगैरे. चढण्याचं ट्रेनिंग झालंय माझं, मुद्दामच सांगितलं नव्हतं."

मामाच्या हातातला घास ताटात पडला.

तो ओरडला. रडला. म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत तू चढणार नाहीस. भागू सगळं ऐकून घेत होती. मग तिने त्याचा हात हातात घेतला. लहान मुलाची समजूत काढतात तशा सुरात म्हणाली,

"बाबा, त्या दिवशी तो तुम्हालाच न्यायला आला होता. मला फक्त तुम्हाला वर बोलवायला बसवलं होतं. मी म्हटलं, त्यांना सोड, मोठी झाले की मी येते."

मामाने तिचा हात घट्ट धरला.

"तो तयार नव्हता. मग म्हणाला, चालेल. पण एका अटीवर."

"कसली अट?"

"तुम्ही खाली थांबायचं. आणि रोज बघायचं."

मामी दारात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

तेव्हापासून हे असं चाललंय. भागू कामावर जाते. कधी या टॉवरला, कधी त्या. काम अनेकदा संध्याकाळपर्यंत लांबतं. डोक्यावर दिवा लावून ती वर असते. आणि मामा, म्हातारा झालेला, गुडघे दुखत असताना, इमारतीच्या गच्चीवर जाऊन उभा राहतो. पाऊस असो, थंडी असो. ती घरी येईपर्यंत खाली उतरत नाही. तिला परोपरीने सांगून झालं. डॉक्टर झाले, समुपदेशक झाले. भागू हसतमुख आहे, शहाणी आहे, तिला कसलाही आजार नाही. एवढंच म्हणते की दिलेला शब्द कसा मोडायचा?

गेल्या महिन्यात मी मामाकडे गेलो होतो. संध्याकाळी त्याच्यासोबत गच्चीवर गेलो. शुक्र परत पश्चिमेला आला होता, मोठा, लखलखीत. त्या दिवशी भागूचं काम जवळच्याच टॉवरवर होतं. तिच्या डोक्यावरचा दिवा इथून स्पष्ट दिसत होता. ठिपक्याएवढा.

मामाची नजर आता अधू झाली आहे. त्याने माझा दंड धरला.

"किती दिसतात रे?"

मी पाहिलं.

शुक्र.

त्याच्या खाली भागूचा दिवा.

आणि भागूच्या दिव्याला अगदी लागून... आणखी एक. तो डावीकडे-उजवीकडे हलत होता.

"दोन," मी म्हटलं. "दोनच आहेत मामा."

मामाने माझा दंड सोडला नाही.

भागू त्या दिवशी वेळेवर घरी आली. पोटभर जेवली, माझी थट्टा केली, माझ्या वाढलेल्या पोटाला नावं ठेवली. सकाळी मी परत निघालो तेव्हा ती दाराशी हात करत उभी होती. हळूहळू, डावीकडून उजवीकडे. मी मागे वळून पाहिलं नाही.

काल दिवेलागणीच्या वेळेला मामाचा मिस्ड कॉल येऊन पडलाय.

मी अजून परत फोन केलेला नाही.